उघाडीची वरची फळी

रक्तात साखर निघाली म्हणून मी धावायला लागलो, असं मी सगळ्यांना सांगत असे. ते खोटं नाही. पण सकाळचा तो तासभर कुणाशी बोलावं लागत नाही, हे त्याहून जास्त खरं.

रेवदंडा-चौलकडे धावायला तीन वाटा आहेत. एक जुन्या शहराच्या पडक्या तटाबाहेरून, वाळूतून. दुसरी पोफळीच्या वाड्यांमधून. तिथे प्रत्येक फाटकाला एक कुत्रा. तिसरी कुंडलिकेच्या खाडीला धरून, खारबांधावरून. पहिलीवर पाय रुततात, दुसरीवर पोटऱ्या धोक्यात. मी तिसरी धरली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, मध्ये मातीचा बांध, जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा. बांधाच्या मध्यावर उघाडी. म्हणजे दगडी मोरी आणि तिच्या खाचांत एकावर एक बसवलेल्या ऐनाच्या फळ्या. ओहोटीला फळ्या काढून शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायचं आणि भरतीच्या आत परत बसवून फटी चिखलाने लिंपायच्या. काम एवढंच, पण त्यात चूक झाली की खारं पाणी शेतात.

हे काम गावात पिढ्यान्‌पिढ्या एका घराकडे होतं. त्या वेळी ते करणारे काका सत्तरीला आलेले, काटक, तोंडाने फटकळ. बदल्यात दर खातेदाराकडून कापणीला भाताचा एक भारा, आणि नारळी पौर्णिमेला बांधावरून खाडीत पहिला नारळ सोडायचा मान. आमची वाडी उंचावर, नारळ-सुपारीची. खारात, म्हणजे बांधाआडच्या त्या भातशेतीत, आमचा एक गुंठाही नाही. मी शाळेत गणित शिकवतो.

काकांना माझं धावणं पहिल्या दिवसापासून खुपलं.

"काय मास्तर, कोन लागलाय मागं?"

"कोणी नाही काका. तब्येतीसाठी."

"मंग रस्त्यानं धाव ना. यो बांध धावाला न्हाय बांधलाय. पावसात मऊ व्हतो, तुझ्या बुटानं कडा ढासलतान."

मी ऐकलं नाही. त्यांनी वाटेवर बाभळीची काटी टाकली. मी ती पायाने खाडीत ढकलली. दुसऱ्या दिवशी दोन काट्या. शेतात बायका तण बेणत होत्या, त्यांच्यादेखत ते ओरडले, "वाडीवाल्याला सांगा कोनीतरी, पोट उतरवाचा असंल तर चिखल उचलाला ये." बायका हसल्या. वर्गात मुलांसमोर फळ्यापाशी उभं राहणाऱ्या माणसाला हसणं सोसत नाही. त्या दिवसापासून मी त्यांचा द्वेष करायला लागलो. दुसरा शब्द मी शोधला, सापडला नाही.

त्याच वर्षी मी माझी वाट फोनवरच्या नकाशावर टाकली. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारी मुंबईची माणसं तिच्यावर धावायला येऊ लागली. मला 'सर' म्हणत, माझ्या मागून धावत. मला ते फार आवडलं.

भाद्रपदातल्या एका रविवारी सातजण आले. पावसाने उघाडीच्या पलीकडे बांधाची शेताकडची बाजू खचून वाटेत घळ पडली होती, आत गुडघाभर चिखल. एक बाई पांढरे बूट घालून आल्या होत्या. "सर, इथून परत फिरायचं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, थांबा. उघाडीपाशी गेलो आणि सगळ्यात वरची फळी उपसली. लिंपण ओलं होतं. काका पहाटेच्या ओहोटीला पाणी सोडून, फळ्या बसवून नुकतेच गेले होते. वरच्या फळीला रोजच्या भरतीचं पाणी लागतसुद्धा नाही, हे मला ठाऊक होतं. ती घळीवर आडवी टाकली. सगळे टाळ्या वाजवत पलीकडे गेले. काकांचं काम मी दोन हातांनी उचकटतोय याची मजा वाटत होती, हे आज लिहितो.

परतताना फळी जागेवर बसवायची होती. पण पलीकडे गेल्यावर कुणीतरी म्हणालं, तट बघू या, मग मिसळ खाऊ. आम्ही रस्त्याने परतलो.

त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. खाडीकाठच्या माणसाला अमावास्या म्हटलं की उधाण, हे सांगावं लागत नाही. मला मात्र त्या दिवशी अमावास्या म्हटल्यावर फक्त खीर आणि वडे आठवले. गावात प्रत्येक घरी पितरांचं पान वाढलेलं, बांधावर एक माणूस नाही.

साडेबाराच्या सुमारास ओरडा झाला. "पानी शिरला! पानी शिरला!"

मी भरल्या ताटावरून उठलो. आणि गावात सगळ्यांच्या आधी मी पोचलो, कारण धावायची सवय मलाच. मोरीवरून पाणी आत पडत होतं, निसवलेल्या, लोंब्या धरलेल्या भातात. फळी घळीवर तशीच. मागे वळून पाहिलं, माणसं अजून गावाच्या टोकाच्या चिंचेपाशी होती. फळी उचलून घेऊन येणं आणि बसवणं, दोन मिनिटांचं काम. पाण्याच्या जोराने ती बसली असती की नाही, माहीत नाही. मी प्रयत्न केला नाही. घळीपाशी गेलो आणि फळी पायाने खाडीत लोटली.

मग लोक आले, गोण्या टाकल्या, चिखल टाकला. मीही टाकला. "मास्तर सगल्यांच्या पयले आले," असं कुणीतरी कौतुकाने म्हणालं.

काका जेवणाच्या हातानेच धावत आले होते. एकटेच मोरीपाशी वाकून खाच चाचपत राहिले. "बसवली व्हती. मी सोता बसवली. हे बघा लिंपन."

लिंपण पाण्याने धुऊन गेलं होतं.

संध्याकाळी देवळापुढे बैठक बसली. एकजण म्हणाला, पितरांच्या नावाने दारू घेतली असेल, विसरला. दुसरा म्हणाला, वय झालं. ज्या शेतांत पाणी गेलं होतं त्यांतलं एक काकांचंच होतं, पण ते कुणी बोललं नाही. त्यांनी फक्त एकदा विचारलं, "मंग फली गेली कुठं?" मी दोन माणसांपलीकडे बसलो होतो. उघाडी दुसऱ्या घराकडे गेली. पुढच्या नारळी पौर्णिमेला नारळ दुसऱ्याने सोडला. काका आले नाहीत. त्यानंतर त्यांना 'फळीखाऊ' हे नाव पडलं. पोरं मागून हाका मारत. माझ्या वर्गातली पोरं. मी त्यांना कधी दटावलं नाही.

मी बांध सोडला. डंपरच्या धुळीत रस्त्याने धावायला लागलो. चार वर्षं गेली.

यंदा मे महिन्यात काकांच्या घरी गेलो. ते पडवीत जाळ्याची भोकं सांधत होते. बस म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, पांढऱ्या बुटांपासून खाडीत लोटण्यापर्यंत. त्यांचे हात थांबले नाहीत.

"झाला?"

"हो."

"मना कनाला सांगतस? मी फली बसवली व्हती ता मना म्हाईत हाय. ज्यांना म्हाईत न्हाय त्यांना सांग."

"काका, मी..."

"माफी मांगू नको. दारात न्हाय चालाची. जा."

पावसाआधी दर घरचा एक माणूस बांधावर माती टाकायला येतो. वाडीवाले येत नाहीत. मी गेलो. काका आलेले होते. नाव गेलं तरी पाळी त्यांनी चुकवली नव्हती. एका टोकाला, एकटे खणत होते. मी बांधावर उभा राहून मोठ्याने सांगितलं. वर्गात बोलतो तसं, शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

पहिलं ढेकूळ खांद्यावर बसलं. दुसरं कुणी मारलं नाही. एक बाई म्हणाली, "चार वर्सं तुजे हाताखाली शिकली आमची पोरा." शिवी असती तर बरं, असं वाटलं. मग गावातला वडीलधारा माणूस, बैठकीत सगळ्यात मोठ्याने बोललेला, काकांकडे गेला.

"चुकला आमचा. उघाडी तुजी. घे परत."

काकांनी फावडं चिखलात रोवलं.

"यो वाडीवाला. यानं लपवला, याची जातच लपवाची. तुमी कोन माजे? माज्या पानाला पान लावून जेवलाव ना? एकाला तरी वाटला का, यो म्हातारा खोटा न्हाय बोलाचा?"

त्यांनी फावडं उपसून हातात घेतलं.

"उघाडी घेईन. मोरी माज्या बापाची हाय. पन बैठकीला मना बोलवू नका. मेलो तरी खांदा द्याला येऊ नका."

ते परत खणायला लागले. जमलेले सगळे माझ्याकडे वळले आणि त्यांच्या तोंडावर मघापेक्षा जास्त राग होता. मघाशी तो फक्त माझ्यावर होता. एकाने घमेलं माझ्या पायांवर फेकलं.

"भर."

मी भरायला लागलो. भरती येईपर्यंत माती वाहत होतो. एकाही माणसाने माझ्या हातातून घमेलं घेतलं नाही. मी खाली ठेवायचो, मग ते उचलायचे.