हाताला घट्टे: आहेत की नाहीत

आई घाबरते की नाही, हे मी यंत्राला विचारलं. तिला विचारून उपयोग नसतो, असं माझं ठाम मत होतं. अंगात ताप फणफणला तरी ती म्हणणार, "काय न्हाई रं, ऊन लागलंय."

बिबट्यांच्या भागात राहणाऱ्या माणसांच्या मनावर किती ताण असतो, हे मोजायला पुण्याच्या एका संस्थेनं आमच्या जुन्नर-आंबेगावात सर्व्हे काढला होता. मंचरला माझं झेरॉक्सचं दुकान. तिथं बसून माशा मारण्यापेक्षा बरं, म्हणून आठवड्यातले तीन दिवस मी त्या सर्व्हेसाठी वस्त्या फिरू लागलो.

यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी, तिला दोन वायरी, वायरींना दोन पट्टे. पट्टे डाव्या हाताच्या दोन बोटांना गुंडाळायचे. माणूस आतून घाबरला की बोटांना बारीक घाम सुटतो, डोळ्याला दिसतही नाही इतका. यंत्राला तो कळतो आणि लॅपटॉपवरची रेघ वर चढते. माणसाला आधी पाच मिनिटं गप्प बसवायचं, मग बिबट्याच्या गुरगुरण्याचा आवाज ऐकवायचा, रेघ किती चढली ते बघायचं आणि फॉर्म भरायचा. फॉर्मात वय, शिक्षण, घरापासून ऊस किती लांब, हाताला घट्टे आहेत का, असलं सतरा प्रकारचं विचारलेलं होतं. लोक त्याला घामाचं यंत्र म्हणायचे. मला मात्र 'सायेब' म्हणायचे, आणि खोटं कशाला बोलू, ते मला आवडायचं.

वडील गेल्यापासून आई वस्तीवर एकटी होती. लेण्याद्रीच्या अलीकडं आमचं रान आहे. घराच्या तीन अंगांना ऊस, चौथ्या अंगाला गोठा, त्यात दोन गाया. आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. त्या वर्षी वाघानं शेजारच्या गोठ्यातून कालवड नेली. पुढं पंधरा दिवसांत पलीकडच्या वस्तीवरच्या एका बाईला गवत कापताना धरलं. बाई वाचली, पण मान वळवायची तर सगळं अंग वळवावं लागतं तिला.

अवसरीला दिलेली माझी धाकटी बहीण रोज फोन करायला लागली. दादा, आईला मंचरला ने. मी म्हणायचो, बघू. मंचरला माझ्या दोनच खोल्या, त्यात आम्ही चौघं. आई आणि माझी बायको यांचं कधी भांडण झालं नव्हतं, कारण चार दिवसांच्या वर त्या दोघी एका छपराखाली राहिल्याच नव्हत्या. आईला आणायचं म्हणजे बायकोशी बोलायचं, आणि त्या बोलण्याला मी वाघाइतकाच भीत होतो. पण असं कुणाला सांगतात होय? मी बहिणीला सांगितलं, आईला भीतीच वाटत नाही तर उगीच कशाला उपटून आणायची? वाटलं तर मोजून दाखवतो.

एका सकाळी धारा काढून झाल्यावर आईला अंगणात खाटेवर बसवलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि लस टोचून घ्यायला बसावं तशी बसली. मी पट्टे बांधले. रेघ सपाट. आवाज लावला. गोठ्यातल्या गाया उठून उभ्या राहिल्या, पण रेघ जागची हलली नाही.

आई म्हणाली, "आवाज बारीक हाय तुझा. खरा लई मोटा असतो."

मी हसलो. कधी ऐकलास, कुठून ऐकलास, काही विचारलं नाही. मला पडत्या फळाची आज्ञाच मिळाली होती. फॉर्म भरला, रेघेचा फोटो काढला आणि बहिणीला पाठवला. खाली लिहिलं, 'हातच्या कांकणाला आरसा कशाला?' तिचं उत्तर बऱ्याच वेळानं आलं. 'बरं दादा. तुला जास्त कळतं.' त्यानंतर तिनं विषय काढला नाही.

असं दीड वर्ष गेलं. मग सर्व्हेच्या मॅडम पुण्याहून माझ्या दुकानात आल्या, फॉर्मांचा गठ्ठा घेऊन. त्या म्हणाल्या, गणित जुळत नाही. मंचरची कॉलेजातली पोरं तो आवाज ऐकून घाबरतात, आणि रोज उसात राबणाऱ्या बाया एकदम निवांत, हे कसं काय? मी म्हटलं, सवय असते मॅडम. त्यांनी एकेक फॉर्म माझ्यासमोर उलटला. घट्ट्यांच्या रकान्यात सगळीकडं माझ्या अक्षरात 'नाही'. एकाही बाईच्या हाताला घट्टे नाहीत? त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाहीत. हमालाच्या खांद्याला गाठ येते, तसलं काहीतरी त्यांना विचारायचं असेल, असं मी धरून चाललो होतो.

तेवढ्यात आधार कार्डाची झेरॉक्स काढायला एक म्हातारी आली. मॅडमनी तिचा हात मागून घेतला, उताणा केला आणि माझ्याकडं बघितलं.

"हे काय आहे?"

"हात आहे की," मी म्हणालो.

मी खरंच तेवढंच बघत होतो. जन्मल्यापासून बायकांचे हात मी तसेच बघितले. खुरप्याचे, विळ्याचे, कांद्याची पात काटल्याचे. त्यांना वेगळं नाव असतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं, की जाड झालेल्या कातडीतला घाम यंत्राला कळतच नाही. बाई आतून थरथर कापत असली तरी रेघ सपाट राहते. अशा वेळी पट्टे तळपायाच्या आतल्या कडेला लावायचे, जिथं पाय जमिनीला टेकत नाही आणि कातडी मऊ राहते. सगळ्या बायांचं पुन्हा मोजू या, म्हणाल्या. त्यांना फॉर्म पुन्हा भरायचे होते. मला मात्र बहिणीला पाठवलेला तो फोटो आठवला. यंत्राची पेटी आणि लॅपटॉप घेतला, दुकान तसंच उघडं टाकून गाडीला किक मारली.

वस्तीवर पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. आई कडबा तोडत होती. तिला बसवून तिचा पाय मांडीवर घेतला, तर म्हणाली, आज कुठला सण हाय, पाया पडायला आलास? टाचांना भेगाच भेगा होत्या. आतली कड मात्र लहान मुलाच्या पायासारखी मऊ. तिथं पट्टे चिकटवले.

नुसती बसली होती तरी रेघ वर होती. आवाज लावल्यावर आणखी चढली आणि हळूहळू उतरली. दीड वर्ष, राव. दीड वर्ष ही बाई अशी राहत होती, आणि मी फोटो दाखवत फिरत होतो. मला माझीच किळस आली. तरी नेहमीच्या सवयीनं तोंडातून गेलं, "बरं, निघतो मी आता."

दोन-तीन सेकंद गेले असतील. रेघ चढायला लागली ती थांबेचना. वाघाच्या आवाजाला गेली होती त्याच्याही वर गेली, पडद्याच्या पार टोकाला टेकली. मी आईच्या तोंडाकडं बघितलं. तोंडावर काही नव्हतं.

"नीघ," ती म्हणाली. "अंधाराच्या आत पोच."

"आई, पिशवी भर. चल माझ्यासंगं."

तिनं विचारलं, "तिला इचारलंस का?"

मी बायकोला विचारलं नव्हतं. दीड वर्षात एकदाही नाही. मी म्हणालो, आज बोलतो घरी, आणि रविवारी येतो तुला न्यायला, नक्की.

"ये सावकाश," ती म्हणाली. "मला काय घाई न्हाई."

रविवारी मी तिला घेऊन आलो. बायकोनं हरकत घेतली नाही. उलट म्हणाली, मला आधी का नाही विचारलंत? कुणी विषय काढला तर मी एवढंच सांगतो. पण त्या दिवशी आई 'घाई न्हाई' म्हणाली तेव्हा पट्टे अजून तिच्या पायाला होते. मी खाली मान घालून ते सोडवले, आणि लॅपटॉप मिटेपर्यंत पडद्याकडं बघितलं नाही.