वेगळं ताट नको

तुमची ताई मागच्या हिवाळ्यात इथे महाडला माझ्याकडे राहून गेली. तिने तुम्हाला फोटो दाखवलेच असतील: गडाची वाट, सावित्री नदीचं पात्र, माझी मांजर. पोलादपूरकडच्या लग्नातला मात्र एकच फोटो मी मागून घेतला. त्यात ती पंगतीत बसून आपल्या ताटावर आडवा हात धरून आहे. तो मी बाहेरच्या खोलीत लावला आहे. आल्यागेल्यांना नवल वाटतं, कारण त्यात कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नाही. तुम्हालाही वाटेल, म्हणून हे लिहिते.

लग्न माझ्या एका विद्यार्थ्याच्या मुलीचं होतं. पोलादपूरच्या शाळेत मी त्याला इंग्रजी शिकवलं होतं. घरची शेती, आता जोडीला दोन ट्रक. पत्रिका द्यायला तो स्वतः आला, वाकून नमस्कार केला, माझ्या हातचे पोहे खाल्ले आणि म्हणाला, "बाई, नातीला घेऊन यायचंच. बघू दे तिला आपलं गाव."

त्याचं गाव ते माझंही गाव. फक्त त्याचं घर गावाच्या मधोमध, आणि मी जन्मले ती आपली वाडी ओढ्याच्या पलीकडे. त्या घरच्या लग्नांना माझी आई जायची ती लाकडं वाहायला आणि मांडव झाडायला. मी तिच्या पदराला धरून. गावाच्या पंगती उठल्या की आम्हाला गोठ्याच्या कडेला बसवत आणि वरून, हात लागणार नाही असं वाढत. भात असे, आमटी असे, उरली तर बुंदी. तूप नसे. तूप ओटीवरच्या पंगतीत फिरायचं, आणि ते घरातली मोठी बाई स्वतःच्या हाताने वाढायची. त्याचा वास मात्र गोठ्यापर्यंत यायचा.

पुढे मी शिकले, त्याच तालुक्यात शिकवू लागले, आणि त्या घरातला मुलगा माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसला. चहाला मी त्या घरी अनेकदा गेले. लग्नाच्या पंगतीला बसायचा योग मात्र कधी आला नव्हता. त्यामुळे पत्रिका हातात आली तेव्हाच मी ठरवलं की या पंगतीत मी बसणार आणि माझ्या शेजारी माझी नात बसणार.

अडचण तिच्या खाण्याची होती. ती दूध, दही, तूप, मध काहीच खात नाही. घरी त्याचा त्रास नव्हता. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, कुळथाचं पिठलं, यांना गाईची गरज लागतेच कुठे? पण केटररचं जेवण वेगळं. ताई म्हणाली, "आजी, मी डबा नेते. गाडीत बसून खाईन, कोणाला कळणार पण नाही."

"डबा नाही," मी म्हटलं. "सगळ्यांबरोबर बसायचं आणि सगळे खातील तेच खायचं."

"पण का?"

मग मी तिला गोठ्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ मांजरीला कुरवाळत बसली. मग म्हणाली, "मग मी त्या दिवशी तूप खाऊ का, आजी? एकच दिवस?"

"मुळीच नाही. स्वतःचा नेम मोडून त्या पंगतीत बसायचं असेल तर आपण घरीच बरे."

म्हणजे दोन्ही गोष्टी जमवायच्या होत्या. मी आधी विद्यार्थ्याला फोन केला, कारण यजमानाला न विचारता केटररकडे जाणं बरं नव्हे. तो म्हणाला, "बाई, तुम्ही सांगाल तसं करायला लावतो. तुम्हीच बोला त्याच्याशी."

केटरर बिरवाडीचा. एरवी कंपन्यांतल्या कामगारांना डबे पुरवतो. आम्ही दोघी रिक्षाने गेलो. शेडमध्ये मोठमोठ्या पातेल्यांच्या मधे त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या आणि सगळं ऐकून घेतलं.

"समजलं. म्हणजे जैन ना, मॅडम? कांदा-लसूण काढून टाकतो."

"कांदा-लसूण राहू द्या. दूध काढा."

"मग उपवासाचं देतो ना! साबुदाण्याची खिचडी, साजूक तुपात. वरती घट्ट दही. एक नंबर."

ताईला हसू आवरेना. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं: जनावरापासून येणारं काहीही नको. तूप, दही, खवा, पनीर, मध, काही नाही.

त्याने कपाळाला हात लावला. "अहो, मग लग्नात राहिलं काय?"

"तेच बघायला आले आहे," मी म्हटलं.

मग आम्ही एकेक पदार्थ घेतला. वेगळं ताट करा असं मी त्याला एकदाही म्हटलं नाही. वरणाची फोडणी तेलाची होतीच. बिरड्यात ओलं खोबरं, त्यात बदलायचं काही नव्हतं. पुरीची कणीक तो थोड्या दुधात भिजवायचा, पुरी मऊ राहते म्हणून. मी म्हटलं, पाण्यात भिजवा आणि गरम गरम वाढा, कोणी मऊपणा तपासत बसणार नाही. कोशिंबिरीत दह्याऐवजी दाण्याचं कूट आणि लिंबू. मसालेभातापाशी तो अडला.

"शेवटी वरून तूप सोडावंच लागतं, मॅडम. त्यानेच तर वास सुटतो."

"सोडा की. पण पातेल्यात नको, ताटात सोडा. ज्याला हवं त्याला."

पनीर आणि गुलाबजाम मी तसेच ठेवायला सांगितले. मला कोणाचं लग्न बिघडवायचं नव्हतं. राहिलं ताईच्या गोडाचं.

"ताईंना केळं देऊ?" तो म्हणाला.

"चालेल मला," ताई म्हणाली.

"चालणार नाही," मी म्हटलं. "लग्नात गोड खाऊन उठायचं." मग बासुंदीच्या जागी सगळ्यांनाच नारळाच्या रसातली गुळाची खीर करायचं ठरलं. विद्यार्थ्याला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "आईला लय आवडेल, करा." रिक्षात बसताना मला पेपर वेळेआधी सोडवून झाल्यासारखं वाटत होतं.

लग्नाच्या दिवशी आम्ही पोचलो, अक्षता टाकल्या, आणि जेवणाची वेळ झाली तसा विद्यार्थी धावत आला. "बाई, चला. ताईंची स्पेशल सोय केलीय."

अंगणातल्या मांडवात टेबल-खुर्च्यांची लांब पंगत लागली होती. आणि ओटीवर, सगळ्यांपासून बाजूला, एक छोटं टेबल. त्यावर पांढरी चादर, पाण्याची सीलबंद बाटली, प्लॅस्टिकची फुलं, शेजारी उभा पंखा. खुर्ची एक.

माझे पाय पायरीपाशीच थांबले. ताईने एकदा टेबलाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शांतपणे म्हणाली, "थँक यू काका, किती छान केलंय. पण मी सगळ्यांबरोबर बसते."

"अहो ताई, खाली वाढपी तूप सांडत फिरतात. कायतरी लागेल, मिक्स होईल. बाईच म्हणाल्या ना, जराही नको म्हणून!"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. त्याने ते टेबल मानानेच मांडलं होतं. मी त्याला बाजूला घेतलं आणि अंगणाच्या कडेला, जिथे आता पाहुण्यांच्या मोटरसायकली उभ्या होत्या, तिकडे बोट दाखवलं.

"बाळ, तिथे तुमचा गोठा होता. या घरच्या लग्नात मला तिथे बसवून वाढलेलं आहे. माझ्या नातीला वेगळं बसवू नकोस. मानाने सुद्धा नको."

तो मोटरसायकलींकडे बघत राहिला. मग ओटीवर गेला, चादरीसकट ते टेबल स्वतः उचललं आणि पायऱ्या उतरून मांडवात आणलं.

"अरे, नवरीचा बाप वाढप्यांत भरती झाला काय रे!" पंगतीतून कोणीतरी ओरडलं. "मजुरी किती ठरली?"

"गप जेव," तो म्हणाला, "नायतर तुला उठवून भांडी घासायला लावीन." आणि ते टेबल त्याने पंगतीच्या टोकाला चिकटवून लावलं. दोन खुर्च्या आमच्या. समोरच्या दोन खुर्च्यांवर गावातली माणसं लगेच येऊन बसली, कारण पंखा आता त्या टोकाकडे फिरवला होता.

पानं वाढून झाली. पुरी गरम होती. खिरीचा वास सुटला होता. आणि मग तूप आलं. माझ्या विद्यार्थ्याची आई तोटीचं भांडं घेऊन पंगतीत फिरत होती. ती माझ्याच वयाची आहे. गुडघे दुखतात, तरी तूप ती वाढप्यांच्या हाती देत नाही. तिची सासूही देत नसे. एकेकाच्या भातावर धार धरत ती आमच्यापर्यंत आली.

"घे गो पोरी. घरचं हाय."

ताईने ताटावर आडवा हात धरला. "नको, आजी."

"थेंबभर तरी. कोरडा भात उतरंल कसा?"

"खरंच नको. मी तूप खात नाही."

"काय नवस-बिवस बोललीस काय?"

"नवस नाही. मीच ठरवलंय."

भांडं तसंच वर धरलेलं. समोरची माणसं घास हातात धरून बघत होती. फोटोवाल्याने तो फोटो नेमका तेव्हाच काढला.

"ठरवलंय म्हणं!" म्हातारी मोठ्याने हसली. "माझ्या तुपाला नाय म्हणणारी या घरात तू पहिलीच गो. बरं, मग खीर दोन वाट्या खायची. तिथं नाय ऐकायची नाय."

ताईने दोन वाट्या खाल्ल्या. मला त्या दिवशी फार अभिमान वाटला, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. ज्या अंगणात मला तूप हवं का असं कोणी विचारलं नव्हतं, तिथे माझ्या नातीला आग्रह करकरून विचारलं, आणि तिने मान खाली न घालता, कोणाला न दुखावता, नको म्हटलं.

मग भांडं माझ्याकडे वळलं. "काय मास्तरीण, तुझं पण ठरलंय काय?"

"माझं नाही ठरलं," मी म्हटलं. "वाढा."

तिने धार धरली.

"अजून," मी म्हटलं, आणि तिने पुन्हा धरली. फोटोवाल्याने लागोपाठ काढलेल्या फोटोंमधला मी लावला आहे तो माझ्या ताटात तूप पडण्याआधीचा. त्यात माझं ताट अर्धंच आलं आहे, भातही अजून कोरडाच आहे. पण कडेला माझा हात दिसतो. ताट पुढे सरकवणारा.