राबात वाढवलेली योद्धीण

माझं शिक्षण मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी झालं. घरातला पहिला पदवीधर मी. अभ्यासाचा मला एकच नियम ठाऊक होता: एकही विषय राहता कामा नये. म्हणून सगळ्या विषयांना सारखा वेळ. त्या नियमाने पदवी मिळाली, आणि मुळशीतल्या एका छोट्या कंपनीत व्हिडिओ गेम तपासायची नोकरीही.

आमच्या गेममध्ये एक योद्धीण राक्षसांशी लढते. पातळी पार केली की गुण मिळतात आणि खेळणारा ते तलवार, ढाल, वेग, आग अशा शक्तींवर वाटतो. या वाटपाची नवी रचना करून दाखव, जमली तर तुला रचनेच्या टीममध्ये घेते, असं कंपनीच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या. सोमवारी त्या स्वतः खेळून बघणार होत्या.

मागच्या वैशाखातली गोष्ट. शनिवारी रिहे गावात, माझ्या भाड्याच्या खोलीपुढच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. सवयीने सगळ्या शक्तींना सारखे गुण दिले. योद्धीण पहिल्याच मोठ्या राक्षसाकडून मेली. मग सगळे गुण तलवारीत ओतले. तो राक्षस पडला, पण पुढच्या आगीच्या राक्षसापुढे तलवार काय कामाची? दिलेले गुण परत काढायची सोयच नव्हती.

घरमालकीण काकू समोरच्या वावराच्या एका कोपऱ्यात शेण आणि पालापाचोळा पसरत होत्या. हात धुऊन आल्या आणि तुझी बाई सारखी मरतीया का, म्हणून हसल्या. मी अडचण सांगितली. त्यांनी तोच कोपरा दाखवला. तो राब. खत सगळं तिथेच घालून भाजायचं, भाताची रोपं तिथेच वाढवायची.

“समद्या वावराला मूठमूठ टाकलं तर कुटंच धड उगवत न्हाई,” काकू म्हणाल्या. “आन राबातच ठिवलं तर दाटीनं पिवळं पडतंय. येळेला उपटून चिखलात आवणी करावी लागती.”

आमच्याकडे ज्वारी पेरली की उगवेल तिथेच राहते. रोप उपटून दुसरीकडे लावणं मला नवीनच होतं. संध्याकाळपर्यंत रचना बदलली: पहिल्या पाच पातळ्यांचे गुण एकाच शक्तीत, मग एकदाच ते उपटून हवे तिथे लावायचे.

सोमवारी मॅडम दोनदा मेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी तलवारीतले अर्धे गुण काढून ढालीत लावले आणि आगीचा राक्षस कोसळला.

“या युक्तीला नाव काय?”

“आवणी.”

नाव तसंच राहिलं आणि मी रचनेच्या टीममध्ये गेलो. संध्याकाळी पेढे घेऊन काकूंना गेम दाखवला. त्या बराच वेळ योद्धिणीचे पाय बघत राहिल्या.

“आवणी म्हनतोस, आन हिच्या पायाला चिखल कसा न्हाई?”

नव्या टीममधलं माझं पहिलं काम म्हणजे तो चिखल.