पोस्ट दोन, ऑल ओके

आमच्या कंपनीत पहाऱ्यावर माझ्यासारखा संत्री दुसरा नव्हता; मला विचारल्याशिवाय पोस्टवरून पाखरूसुद्धा गेलं नाही. पोस्ट इतकी उंच होती की पाखरू तिथे येतच नव्हतं.

लान्स नाईक म्हणून रिटायर झालो. नववी नापास माणसाला फौजेने याच्या वर काय द्यायचं? आता शिंदे की छावनीत राहतो आणि बायकोच्या हुकमात चालतो.

एका बर्फातल्या पोस्टिंगला मी खालच्या पोस्टवर रेडिओ धरून बसायचो. वर पोस्ट दोनवर तोमर. मुरैन्याचा, माझा बडी, म्हणजे जोडीदार. दर तासाला मी विचारायचो, "पोस्ट दोन, रिपोर्ट." तो म्हणायचा, "पोस्ट दोन, ऑल ओके, ओव्हर." पाय सुजो, डोकं दुखो, रिपोर्ट हाच. आजारी म्हणून सिक रिपोर्टला जाणारा कामचोर, असं आम्ही सगळेच मानायचो.

एका सकाळी त्याचा आवाज हळू आला. "ऑल ओके." पुढच्या तासाला दुसराच जवान बोलला. "तोमर गिर गया. सुबह से सिर पकड़ के बैठा था."

हवा खराब, हेलिकॉप्टर आलं नाही. पाठीवरून खाली आणला तेव्हा तो गेलेला होता. एमओ, म्हणजे आमचे डॉक्टर, म्हणाले, डोक्यात रक्तस्राव झाला.

त्याची ट्रंक घरी पोचवायला मीच गेलो. त्याच्या बायकोने, भाभीने, विचारलं, शेवटी काय बोलले? जे बोलला तेच सांगितलं, ऑल ओके.

तेव्हापासून तो आवाज आहेच. पंखा घरघरला की मधूनच येतो. ऑल ओके, ओव्हर.

यंदा थंडीत मला सर्दी झाली. पाटणकर बाजारातून नाक मोकळं करायच्या गोळ्या आणल्या. एकीने आराम पडतो तर दोन घेतल्या की दुप्पट पडेल, हा माझा हिशोब. नववीत कशात नापास झालो ते कळलंच असेल.

आंघोळीला बसलो, गरम पाणी डोक्यावर घेतलं आणि आत गोळा फुटला. हळूहळू नाही, एकदम.

"अहो, काय पडलं?" बाहेरून सुमन, माझी बायको.

"काही नाही. ऑल ओके."

पडला होता तांब्या, आणि त्याच्यामागे मी.

दोन दिवसांनी पुन्हा तसंच. पुन्हा ऑल ओके. तिसऱ्या वेळी तोंडातून तेच निघालं, पण आवाज माझा नव्हता. तोमरचा होता, त्या सकाळचा, हळू. मी बादली धरून बसलो. मग सरकत जाऊन कडी काढली.

"सुमन, डोकं फुटून राहिलंय."

सिटी सेंटरच्या दवाखान्यात रंगाचं इंजेक्शन देऊन फोटो काढले. डॉक्टरीणबाई आमच्या पोरीच्या वयाची.

"काका, मेंदूतल्या रक्ताच्या नळ्या जागोजागी आवळल्यात. आणि रक्त आणि मेंदूच्या मध्ये एक पडदा असतो, वाटेल ते आत जाऊ देत नाही. तोही सैल झालाय. बघा, रंग आत झिरपलाय."

"म्हणजे संत्री झोपला."

"तसंच समजा. सर्दीच्या त्या गोळ्यांनी होतं असं. नळ्या बहुतेक आपोआप उघडतात. पण तोवर रक्तस्राव होऊ शकतो, लकवा मारू शकतो. पुन्हा दुखलं तर लगेच सांगायचं. लपवायचं नाही."

मी तोमरचं विचारलं. त्याचंही हेच असेल का?

"फोटो नाहीत, काका. उंचीवर मेंदूला दुसरंही पुष्कळ होतं. मी नाही सांगू शकत."

तिने खोटं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून मी ते अर्धं उत्तर घेऊनच झोपतो.

गोळ्या बंद झाल्या, वजन उचलणं बंद झालं, सुमनने बाथरूमची कडीच काढून टाकली. तीन महिन्यांनी नव्या फोटोत नळ्या मोकळ्या. पडदाही जागेवर.

घरी येऊन पहिला फोन मुरैन्याला केला. भाभीला सगळं ठाऊक होतं, सुमनने कळवलं होतं.

"अब कैसे हो, भैया?"

"एकदम बढ़िया, भाभी. ऑल ओके."

फोनमध्ये घरघर झाली.

"ये तो वो भी बोले थे. फोन सुमन दीदी को दो, उनसे पूछूँगी."