स्कॉलरशिपवाले, उठा

"स्कॉलरशिपवाले, उठा! खुर्च्या लावा!"

गॅदरिंगची सकाळ. वणीचं आमचं कॉलेज. भर वर्गात सर म्हणाले, "आमच्या टॅक्सवर शिकून राह्यले तुम्ही. थोडी फेड करा."

फी भरणारी पोरं बसून हसली. आम्ही उठलो.

आणि मी तर असा शहाणा, की चार-चार खुर्च्या डोक्यावर घेतल्या. सरांना वाटावं, पोरगं उपकार जाणतं! एक खुर्ची घसरून पायावर पडली. तरी हसत होतो. लंगडत.

पण ती फेड डोक्यातून जाईना. म्हटलं, एकदाचा टॅक्स भरून मोकळं व्हावं. इस्त्रीचा शर्ट घालून गेलो रिटर्न भरून देणाऱ्या वकिलाकडे.

"माह्या स्कॉलरशिपवरचा टॅक्स कापून घ्या, साहेब."

तो चहा सांडेस्तोवर हसला. "अबे, शिकण्याच्या खर्चासाठी भेटलेल्या स्कॉलरशिपवर टॅक्स लागतच नाही. तुले नाही, अन् तुह्या अब्बाच्या उत्पन्नातही ती धरत नाही. कायद्यानंच माफ हाय. फेड कायची करतं?"

येताना अब्बांच्या गॅरेजसाठी ऑइलचा डबा घेतला. बिलात टॅक्स. ब्रेकच्या सामानात टॅक्स. आंघोळीच्या साबणातही. ट्रकखाली आडवे पडून, डोळ्यांत ग्रीस घेऊन अब्बा जन्मभर टॅक्सच भरत आलेत. त्यांच्यासाठी कुणी खुर्ची लावली? उलट सरांची गाडी दुरुस्त केली तेव्हा अब्बा पैसे न घेता म्हणाले, "राहू द्या सर, पोरगं तुमच्याजवळ शिकते." आणि सरांनी राहू दिलं! कुणी कुणाची फेड करायची?

सव्वीस जानेवारीच्या आदल्या दिवशी पुन्हा तीच हाक. मी बसून राहिलो.

"काहून बे, ऐकू येत नाही?"

"येते, सर. खुर्च्या लावाच्या असन तर सगळ्यायले उठवा. स्कॉलरशिपवाला म्हणून मी उठत नाही."

"तुझ्या स्कॉलरशिपच्या अर्जावर माझी सही लागते. ध्यानात ठेव."

"सही तुमचं काम हाय, सर. उपकार नाही."

मुकुटबन गावची एक स्कॉलरशिपवाली पोरगी खुर्च्या लावायला उभी राहिली होती. ती खाली बसली. मग तिच्या बाजूचा बसला.

सही अजून झाली नाही. अर्ज अडकलाय. अडवा, सर. मी प्राचार्यांच्या दारात बसेन, यवतमाळच्या स्कॉलरशिपच्या कार्यालयात बसेन. पण शिकणार इथंच, तुमच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. आणि तुमच्याकडे रोखून बघणार.