भिंतीकडं तोंड केलेलं बाकडं

खरं तर हे मी कुणाला सांगायचं नाही. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "आत काय विचारतो ते बाहेर बोलायचं नाही. आपसातसुद्धा नाही! ज्याला प्रश्न आधीच माहीत, त्याचं डोकं ठीक आहे की नाही हे मला कसं कळणार?" म्हणून मी लोकांची नावं गाळली आहेत, आणि प्रश्नही जमतील तेवढे गाळणार आहे.

पण थोडी चूक मॅडमचीही आहे. डोक्याला मार लागलेली माणसं तुम्ही रविवारी एका बाकड्यावर आणून बसवलीत. आत जायला वेळ लागतो. मोबाईल बघायला बंदी. मग माणसं दुसरं काय करणार? किस्सेच सांगणार! आणि मी फारशी बोलत नाही, त्यामुळं ते सगळे माझ्याकडं साठत गेले. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक काहीही सांगतात.

मॅडमचं संशोधन केडगावात एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चालतं. डोक्याला हलका मार लागला, टाके पडले नाहीत, डॉक्टरांनी घरी सोडलं, अशा माणसांचं पुढं काय होतं याचं संशोधन. येताना प्रत्येकानं बरोबर एक असं माणूस आणायचं, जे त्याला आधीपासून ओळखतं. त्या माणसाला आत बसवून मॅडम विचारतात, "हे पहिल्यासारखेच आहेत का?"

मी नववीत आहे. शाळेत खो-खो खेळताना खांबावर आपटले. उठले, डाव पूर्ण केला आणि तहसीनबरोबर चालत घरी आले म्हणे. 'म्हणे', कारण मला त्यातलं काहीच आठवत नाही. खांब आठवतो, आणि मग एकदम आमच्या घराची पायरी. मधला अर्धा तास गेला. मॅडम म्हणतात, तो परत येत नाही, शोधत बसू नकोस.

पण तो हरवलेला नाहीच. तो तहसीनकडं आहे. तहसीन माझी बालवाडीपासूनची मैत्रीण. एरवी हजेरीलासुद्धा माझा आवाज निघत नाही, आणि त्या दिवशी मी रस्ताभर बोलत होते! काय बोलत होते, ते ती सांगत नाही. आणि परीक्षा संपली की ती कायमची मिरजगावला चालली आहे. तिच्या अब्बांनी तिथं गॅरेज टाकलंय. ती गेली की माझा अर्धा तासही तिच्याबरोबर जाणार.

* * *

आधी बाकड्याचं सांगते. ते खिडकीसमोर होतं. पण मार लागलेल्या डोक्याला उजेड सहन होत नाही. एका रविवारी कुणीतरी उठून ते फिरवलं आणि भिंतीकडं तोंड करून ठेवलं. सगळे बसले. ट्यूबलाईटही बंद केली.

तेवढ्यात कुरिअरवाला जिना चढून वर आला. अंधारी खोली, एका ओळीत बसलेली माणसं, सगळी भिंतीकडं बघतायत, आवाज कुणाचाच नाही. तो दारात थबकला. मग त्यानं हळूच विचारलं, "कुणी... आहे का?"

कुणीच मान वळवली नाही. मान वळवली की चक्कर येते ना!

तो पार्सल न देताच खाली गेला. मॅडमचे मदतनीस फिरोजभाई त्याला शोधत खाली गेले, तर तो मोटरसायकलला किक मारत होता. म्हणाला, "वर तुम्हीच घेऊन जा. मी पुन्हा नाही यायचो."

* * *

पहिल्या वेळी माझ्याबरोबर आई आली होती. मॅडमनी तिला विचारलं, "शर्वरीचं बोलणं कमी झालंय का?"

आई म्हणाली, "आधी होतं कुठं, कमी व्हायला?"

पुढच्या वेळेपासून मी तहसीनला आणायला लागले.

* * *

मिरजगावच्या एक सासूबाई यायच्या. धुण्याच्या दगडावर घसरून डोक्याच्या मागच्या बाजूला लागलं होतं. तेव्हापासून घरात रोज भांडण. "सुनेच्या हाताला चवच न्हाई. मुद्दाम करती!" सून बिचारी मसाला वाढवून वाढवून थकली.

मॅडमनी झाकणाच्या लहान बाटल्या काढल्या. डोळे मिटून वास ओळखायचा. हिंग दिला. सासूबाई म्हणाल्या, "पानी." कॉफी दिली. "पानी." शेवटी रॉकेल दिलं. त्या चिडल्या, "किती येळा पानीच हुंगायचं?"

मॅडम सुनेला म्हणाल्या, "यांचा वासच गेलाय. तुमच्या स्वयंपाकाचा काही दोष नाही." सून तिथंच रडायला लागली. हे तिनंच मला बाकड्यावर सांगितलं, डोळे पुसत.

मग शेवटची बाटली. ती मुद्दाम रिकामी ठेवलेली असते. (आता हे लिहिल्यावर मॅडमना ती बदलावी लागणार.) सासूबाईंनी ती नाकाशी धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. पदर सावरून बसल्या. म्हणाल्या, "ही वळखली. ह्यांची तंबाखू. कोपरीच्या खिशातली."

त्यांचे मालक जाऊन किती वर्षं झाली, ते सुनेनंही फक्त फोटोत बघितलेले.

सून म्हणाली, "त्याचं मला काही वाटलं नाही गं. डोक्याला लागलेलं माणूस आहे. पण आम्ही उठल्यावर मॅडमनी ती बाटली उचलली आणि स्वतः हुंगून बघितली. मग परत एकदा."

* * *

एक आजोबा होते, बैलानं ढकललेले. त्यांना मॅडमनी सांगितलं, महिने उलटे म्हणून दाखवा. आम्ही सगळे डिसेंबर, नोव्हेंबर करत अडखळतो. आजोबा सरळ सुरू झाले, "फाल्गुन, माघ, पौष, मार्गशीर्ष..." चैत्रापर्यंत एकदाही चुकले नाहीत. मॅडम खूश! "शाब्बास आजोबा, झालं."

पण आजोबा थांबलेच नाहीत. चैत्रानंतर पुन्हा फाल्गुन. बाहेर येऊन बाकड्यावर बसले तरी तेच चालू. आवाज अगदी बारीक, एका लयीत. ऐकता ऐकता मलाही वाटायला लागलं, की आपणही कशातून तरी मागं मागं चाललोय.

फिरोजभाई जवळ येऊन वाकले. "आजोबा, झालं आता. घरी जायचं."

आजोबांनी डोळे न उघडता हात वर केला. "थांब की लेकरा. आत्ताशी बाप वारला. अजून लग्नापातुर जायाचंय."

* * *

राहुरीच्या पोरांचा किस्सा त्यांच्याच कॅप्टननं सांगितला. त्यांच्या कबड्डी टीममधला एक जण फायनलमध्ये डोक्यावर पडला. मॅच जिंकली, पण याच्या डोक्यात काही टिकेना. दवाखान्यात नेताना टेम्पोत सारखा विचारायचा, "जिंकलो का रं?"

"जिंकलो!" म्हटलं की आनंदानं उड्या मारायचा. थोड्या वेळानं पुन्हा, "जिंकलो का रं?" पुन्हा तेवढाच आनंद. पोरांना आधी गंमत वाटली, मग भीती वाटली आणि मग कंटाळा आला. एक जण वैतागून म्हणाला, "हरलो. गप बस आता."

तो गप्प बसला. आणि त्यानंतर त्यानं एकदाही विचारलं नाही.

आता तो बराय. बारावीचा अभ्यास करतो, ट्रॅक्टर चालवतो. पण त्या दिवसातलं त्याच्या डोक्यात तेवढं एकच राहिलंय. फायनल आपण हरलो. व्हिडिओ दाखवला तर म्हणतो, ही दुसरी मॅच आहे. त्या मॅचचा कप त्याच्याच घरी टीव्हीवर ठेवलाय. त्याच्या आईनं विचारलं, "आरं मग ह्यो कप कुनाचा?"

तो कप हातात घेऊन, नीट निरखून म्हणाला, "ज्यांचा असंल ते येतील की न्यायला."

कॅप्टन म्हणाला, "आई रोज दाराला आतून कडी लावते तर हा उठून काढतो. म्हणतो, लोक आले तर?"

* * *

राहुरीकडचंच एक जोडपं. नवरा उसाच्या ट्रॉलीवरून पडलेला. स्कॅन करून झालेला. मॅडम म्हणाल्या, "फोटोत काही नाही. अगदी सौम्य मार आहे."

बायको म्हणाली, "फोटूत न्हाई हो, पर मानसात हाय."

"म्हणजे कसं?"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. तो शेजारीच बसला होता, हात मांडीवर ठेवून. ती रागावली नव्हती, रडतही नव्हती. भाजीचा भाव सांगावा तशी म्हणाली, "मानूस चांगला हाय. कामाला वाघ हाय. कधी वाईट बोलत न्हाई. पर ह्यो त्यो न्हाई."

मॅडम नवऱ्याकडं वळल्या. त्यांना वाटलं, बिचाऱ्याला किती लागलं असेल! पण तो मान हलवत होता.

"बरूबर हाय तिचं," तो म्हणाला. "मलाबी तसंच वाटतंय. पर मग त्यो गेला कुठं, तेवढं बघा की मॅडम. ही वाट बघती त्याची."

दार उघडं होतं म्हणून हे मी स्वतः ऐकलं.

निघताना जिन्यावर बायकोनं त्याचा दंड धरला होता. पायऱ्या अरुंद आहेत. ती फार मायेनं म्हणाली, "हळू उतरा, पाव्हणं."

* * *

आता माझा.

तहसीनला मी सगळ्या तऱ्हेनं विचारून बघितलं. भेळ दिली, रुसले, शपथ घातली, मराठीचा निबंध लिहून दिला. निबंध घेतला, सांगितलं काहीच नाही. एकदा फार मागं लागले तेव्हा ती कुजबुजली, "तूच नको म्हणालीस."

"मी?"

"व्हय. म्हणालीस, उद्या मी स्वतः विचारलं तरी मला सांगू नकोस. एक प्रश्न आहे, तो विचारीन तेव्हाच सांग."

"कुठला प्रश्न?"

"तो सांगितला तर मग काय उपयोग?" ती म्हणाली. "तू अजून तो विचारला नाहीस."

तेव्हापासून मी प्रश्नच विचारत सुटले. मी रडले का? मी कुणाला शिव्या दिल्या का? मला कुणी आवडतं का? मी मरणार आहे का? ती प्रत्येक वेळी थोडी थांबायची, माझ्याकडं बघायची आणि मान हलवायची. नाही, हा नाही.

आज शेवटचा रविवार. यानंतर मॅडम बोलावणार नाहीत. फिरोजभाईसुद्धा रजेवर आहेत, त्यांच्या जागी कुणी नवीन ताई आली आहे. तहसीनला आधी आत घेतलं. "ही पहिल्यासारखीच आहे का?" हे मॅडमनी तिला विचारलंच असणार. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते. शेजारी बसली आणि दप्तराची चेन लावायला लागली. ती काही केल्या लागेना.

मी एवढे दिवस फक्त माझ्याच अर्ध्या तासाचा विचार करत होते. तो अर्धा तास तिचाही होता. सगळ्या रस्त्यानं ती एकटी माझ्याशेजारी चालत होती, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी काही ठरवून बोलले नाही. तिचा हात धरला आणि म्हणाले, "तहसीन, त्या दिवशी तुला भीती वाटली का गं?"

तिची बोटं थांबली.

"विचारलास," ती म्हणाली.

"काय?"

"हाच. शब्दसुद्धा हेच होते."

मग तिनं सांगितलं. भिंतीकडं बघत, हळू आवाजात, एकदाच. आता ती तोंड धुवायला खाली गेली आहे. माझ्या डोक्याचा मला भरवसा नाही, म्हणून ती वर यायच्या आत जसंच्या तसं लिहून ठेवते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मी थांबले म्हणे. मोठ्यानं, स्वच्छ बोलत होते, मी कधीच बोलत नाही तसं. म्हणाले, "मी आता घरात नाही येणार. उद्या तुझ्या शेजारी वर्गात जी येऊन बसेल, ती मी नाही. पण ती चांगली आहे, तिला दुखवू नकोस. ती रोज स्वतःबद्दलच विचारील. तेव्हा गप्प राहा. ज्या दिवशी ती तुझ्याबद्दल विचारील, तुला भीती वाटली का म्हणून, त्या दिवशी तिला सांग, की शर्वरी अजून त्या खांबापाशीच उभी आहे. आणि तिला परत आणायचं असेल तर तू फक्त

दार उघडलंय. नवीन ताई आम्हा सगळ्यांकडं बघून विचारतेय, "यात शर्वरी कोण?"