साबुदाण्याचा बबल टी

मुलगी शिकायला सांगलीला असते. दिवाळीनंतर तिला सोडायला गेलो, तेव्हा तिने मला आणि तिच्या आईला बबल टी पाजला. उंच ग्लासात गार दुधाळ चहा, तळाशी काळ्या गोळ्या आणि बोटाएवढी जाड स्ट्रॉ. घोट घेण्याआधीच मी मोबाइलवर वाचून दोघींना शिकवायला लागलो. हा चहा मूळ तैवानचा. पहिला कुणी केला, यावर तिथल्या दोन दुकानांत अजून वाद आहे. गोळ्या टॅपिओकाच्या कंदातल्या पिठाच्या. म्हणजे आपला साबुदाणाच की! "आणि या गोळ्या म्हणजेच बबल," असं सांगून मी जोरात ओढलं. गोळी थेट घशात. मला ठसका लागला, तशी मुलगी पाठ चोळत म्हणाली, "बाबा, बबल म्हणजे वरचा फेस. आणि गोळी चावायची असते."

एवढ्यावर दुसरा माणूस गप्प बसला असता. मी कोरेगावला परत आलो आणि एकादशीला थोरल्या भावाला फराळाला बोलावलं. तो फौजेतून निवृत्त झालेला, उपास कडक. म्हटलं, साबुदाणा उपासाचा, चहाही चालतो, मग अडलंय कुठं? बायकोला दादाबरोबर पुढच्या खोलीत गप्पा मारायला बसवलं, साबुदाणा उकळत्या गुळाच्या पाण्यात शिजवला आणि त्यातच चहा ओतला. जाड स्ट्रॉ नव्हती, म्हणून परसातल्या पपईच्या पानांचे पोकळ देठ कापून आणले.

दादाने देठ तोंडात धरून ओढलं. आला तो फक्त पपईचा कडू चीक. मग त्याने पेला तिरपा केला. आतला ऐवज जागचा हलला नाही.

"आरं, ह्यो चा हाय का खळ?"

"दादा, तैवानला असंच पितात."

"तू कवा गेलतास रं तैवानला?"

बायको हसू आवरत उठून आत गेली. पाठिंबा मिळेल म्हणून मी मुलीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"अहो बाबा, नुसता साबुदाणा नाही टाकायचा! त्या कंदाचं पीठ कढत पाण्यात मळायचं, गोळ्या वळून उकडायच्या, मग काळसर साखरेच्या पाकात मुरवायच्या."

"पण कंद तोच ना?"

"कंद तोच."

"बघ दादा!" मी विजयी मुद्रेने वळलो. दादा खुर्चीत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून तो बायकोला सांगत होता, "पोरी, साधा चा टाक गं."

तिने दुसरं पातेलं घेतलं. पहिलं मी संध्याकाळपर्यंत घासत होतो.